एका कल्पक खेळाचे चुकलेले निदान

"डॉक्टर, मुलगा दर शनिवारी मित्राकडे जाऊन पाच-पाच तास कसला तरी खेळ खेळतो. मोबाइल नाही, पत्ते नाहीत, सोंगट्या नाहीत. नुसते बोलत बसतात आणि मधून मधून फासे टाकतात. हा म्हणे त्यात बुटका लोहार असतो. डोक्यावर परिणाम तर होणार नाही ना?"

पुण्या-मुंबईकडच्या पालकांकडून हा प्रश्न अलीकडे अधूनमधून येतो. काही मुलांनी हा खेळ 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेत पाहिलेला असतो, काहींना परदेशात शिकणाऱ्या भावंडांनी शिकवलेला असतो. पालकांची काळजी मला समजते. पण हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेत सुमारे 45 वर्षांपूर्वी तो घरोघरी विचारला गेला. तेव्हा त्याचे उत्तर बऱ्याच जाणत्या लोकांनी, त्यात आमच्या पेशातले काही जणही होते, साफ चुकीचे दिले. आजाराचे निदान कसे चुकते याचा तो एक नमुनाच आहे. म्हणून आज आरोग्यविषयक लेखात एका खेळाचा इतिहास.

खेळ असतो तरी कसा?

खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. या जातीचे पुढे शेकडो खेळ निघाले. त्या सगळ्यांना मिळून टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हणतात, म्हणजे टेबलाभोवती बसून भूमिका घेऊन खेळायचे खेळ. चार-सहा जण जमतात. त्यांतला एक जण सूत्रधार असतो. तो प्रसंग सांगतो: "तुम्ही किल्ल्याच्या तळघरात आहात. समोर जाड लाकडी दरवाजा आहे, त्याला कुलूप आहे. मागून पावलांचा आवाज येतोय. काय करता?" बाकीच्यांकडे प्रत्येकी एकेक पात्र असते. ते आपापल्या पात्राने काय करायचे ते सांगतात. जे सहज जमण्यासारखे असते ते जमते. जे जमेल की नाही याची शंका असते, तिथे फासा टाकायचा. हा फासा बहुधा वीस बाजूंचा असतो.

खेळाची खरी गंमत या "काय करता?" मध्ये आहे. एक खेळाडू म्हणतो, दरवाजा फोडतो. दुसरा म्हणतो, कुलूप राहू द्या, बिजागऱ्या आपल्या बाजूला आहेत का? असतील तर त्यांच्या खिळी काढतो. तिसरी म्हणते, मी मागे वळून त्या पावलांच्या मालकाशीच बोलते, तो पहारेकरी असेल तर चावी त्याच्याकडेच असणार. यातले एकही उत्तर कुठे छापलेले नसते. व्हिडिओ गेममध्ये बटणे ठरलेली असतात, बुद्धिबळात घोड्याची चाल ठरलेली असते. इथे चाल खेळाडूने शोधायची असते. कल्पक खेळाडूला या खेळात जो आनंद मिळतो तो दुसऱ्या खेळात मिळत नाही, तो यामुळेच. जिंकणे-हरणे इथे दुय्यम असते. बऱ्याचदा ते नसतेच.

आपल्याला हे फार परके वाटायला नको. भातुकलीत "तू पाहुणा हो, मी चहा करते" म्हणणारी पाच वर्षांची मुलगी हेच करत असते. फरक इतकाच की भातुकलीत "माझी तलवार तुला लागली", "नाही लागली" हे भांडण सुटत नाही. इथे ते फासा सोडवतो.

सैन्याच्या टेबलावरून

या खेळाचे मूळ प्रशियाच्या लष्करात आहे. रायस्विट्झ नावाच्या बापलेकांनी युद्धाचा सराव टेबलावर करण्याची पद्धत बसवली. वडिलांनी 1812 च्या सुमारास ती राजाला दाखवली आणि लष्करात अधिकारी असलेल्या मुलाने 1824 मध्ये तिचे नीट नियम छापले. मोजमापाचा नकाशा, सैन्याच्या तुकड्या दाखवणारे ठोकळे, तोफेचा मारा किती लागला हे ठरवायला फासे, आणि मध्ये एक पंच. दोन्ही पक्षांनी आपले हुकूम पंचाला द्यायचे. शत्रूचे जेवढे दिसणे शक्य आहे तेवढेच पंच दाखवणार.

पण नियमांचे पुस्तक जाड होत गेले आणि अधिकारी कंटाळले. 1876 मध्ये फेर्डी दु व्हेर्न्वा या प्रशियन सेनाधिकाऱ्याने सुचवले की इतके तक्ते कशाला, अनुभवी पंचाने आपल्या अनुभवावरून निकाल द्यावा. चार वर्षांनी अमेरिकेच्या लष्करातील चार्ल्स टॉटन याने 'स्ट्रॅटेगोस' नावाचे पुस्तक काढले. त्यातही पंचाला मोठे अधिकार होते. खेळाडू काहीही करून पाहू शकतो, ते जमण्याची शक्यता किती हे पंच ठरवेल, ही कल्पना तिथून पुढे आली. मला हे वाचताना निवासी डॉक्टरांचे प्रशिक्षण आठवते. पाठ्यपुस्तकातला तक्ता एका मर्यादेपर्यंत कामाला येतो. त्यापुढे "सर, असे केले तर चालेल का?" आणि अनुभवी माणसाचे उत्तर.

पुढची नव्वद वर्षे सोडून देतो. एच. जी. वेल्स या प्रसिद्ध लेखकाने 1913 मध्ये खेळण्यातल्या शिपायांनी लढाई खेळण्याचे छोटे पुस्तक लिहिले, आणि युद्धखेळ घराघरांतला छंद बनला, एवढे पुरे.

फसलेला खेळ

डेव्हिड वेस्ली हा अमेरिकेतील मिनेसोटामधला तरुण. त्याला टॉटनचे जुने पुस्तक विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडले. 1969 मध्ये त्याने मित्रांसाठी नेपोलियनच्या काळातल्या ब्राउनस्टाइन या काल्पनिक जर्मन गावावर एक खेळ रचला. नेहमीप्रमाणे दोन सेना होत्याच, पण मित्र जास्त आले होते. म्हणून वेस्लीने उरलेल्यांना गावातली माणसे केले. एक नगराध्यक्ष, एक सावकार, एक विद्यापीठाचा कुलगुरू, असे. प्रत्येकाचा हेतू वेगळा.

खेळ सुरू झाला आणि वेस्लीच्या हातातून गेला. मंडळी पटावरची लढाई सोडून कोपऱ्यात जाऊन कुजबुजू लागली, करार करू लागली. कोणी कोणाला द्वंद्वाचे आव्हान दिले. नियमांत यातले काहीच नव्हते. पटावर सेना समोरासमोर आल्याच नाहीत. वेस्लीला वाटले, खेळ पार फसला. मित्र मात्र म्हणाले, पुन्हा कधी?

पुढच्या एका खेळात बनानिया नावाचा काल्पनिक लॅटिन अमेरिकन देश होता. डेव्ह अर्नेसन या खेळाडूला विद्यार्थी क्रांतिकारकाची भूमिका मिळाली होती. त्याचे काम पत्रके वाटणे आणि त्याचे गुण मिळवणे. वेस्लीने पुढे सांगितलेल्या हकिगतीनुसार अर्नेसनने सगळ्यांना पटवून दिले की आपण खरे तर सीआयएचे हेर आहोत. त्यासाठी घरून खोटे ओळखपत्र बनवून आणले होते. शेवटी देशाचा खजिना घेऊन हा गृहस्थ हेलिकॉप्टरने निसटला, आणि जाता जाता राजधानीवर पत्रकेही टाकून गेला. पत्रकांचे गुण अर्थातच त्याला मिळाले!

मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. हा खेळ कोणी कारखान्यात आखून तयार केलेला नाही. सांगितलेले सोडून भलतेच काही करणारे खेळाडू होते, आणि त्यांना "नाही" म्हणण्याऐवजी "बरं, मग काय होईल ते बघू" म्हणणारा पंच होता. या दोघांच्या मध्ये तो जन्माला आला.

वेस्ली लष्करी सेवेत गेला. अर्नेसनने 1971 च्या सुमारास 'ब्लॅकमूर' नावाचा स्वतःचा खेळ सुरू केला. त्यात किल्ला, किल्ल्याखाली तळघरे, तळघरात राक्षस. एकच पात्र आठवड्यामागून आठवडे खेळायचे आणि ते अनुभवाने शहाणे होत जाणार. 1972 च्या अखेरीस त्याने हा खेळ विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा गावी गॅरी गायगॅक्सला दाखवला. गायगॅक्स आधी विमा कंपनीत होता. नोकरी गेल्यावर तो पोटासाठी घरी चपला-बूट दुरुस्त करत असे. दोघांनी मिळून नियम लिहिले आणि 1974 मध्ये तीन पुस्तिकांची एक पेटी छापली. प्रती 1000, किंमत 10 डॉलर.

डॉक्टर म्हणून मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. प्रत्येक पात्राची ताकद, बुद्धी, शहाणपण, चपळाई, काटकपणा आणि छाप पाडण्याची शक्ती असे सहा गुण तीन साध्या फाशांनी ठरतात. म्हणजे कमीत कमी 3, जास्तीत जास्त 18. तीन फाशांची बेरीज 10 किंवा 11 वारंवार येते, 3 किंवा 18 फार क्वचित. आलेख काढला तर मधे फुगलेली घंटा दिसते, जशी हिमोग्लोबिनच्या किंवा उंचीच्या आकड्यांची दिसते. बुद्धी आणि शहाणपण हे दोन वेगळे गुण मानले आहेत, हेही विशेष.

1979 चा ऑगस्ट

आता दुखरा भाग. 15 ऑगस्ट 1979 रोजी मिशिगन स्टेट विद्यापीठातून 16 वर्षांचा एक विद्यार्थी बेपत्ता झाला. अत्यंत हुशार, वयाच्या मानाने फार लवकर महाविद्यालयात पोचलेला. घरच्यांनी विल्यम डिअर हा खासगी गुप्तहेर नेमला. मुलगा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळत असे हे कळल्यावर डिअरने तर्क मांडला की विद्यापीठाच्या जमिनीखालच्या वाफेच्या बोगद्यांत तो हा खेळ खरोखर खेळायला गेला आणि तिथेच हरवला. वृत्तपत्रांना इतके पुरे होते.

मुलगा महिनाभराने लुइझियाना राज्यात सापडला. खेळाचा त्याच्या जाण्याशी संबंध नव्हता. तो तीव्र नैराश्यात होता, एकटा पडला होता, अमली पदार्थ घेत होता, अभ्यासाच्या अपेक्षांखाली दबला होता. पुढच्या वर्षी त्याने आत्महत्या केली. डिअरने 1984 मध्ये पुस्तक लिहून हे सगळे सांगितले, पण तोवर पाच वर्षे गेली होती. 1981 मध्ये रोना जॅफी यांची 'मेझेस अँड मॉन्स्टर्स' ही कादंबरी आली होती, आणि 1982 मध्ये तिच्यावर टीव्हीचा चित्रपट. त्यात तरुण टॉम हँक्स खेळापायी वास्तवाचे भान हरपलेला मुलगा झाला होता. प्रेक्षकांच्या मनात तेच चित्र पक्के बसले.

त्याच 1982 मध्ये व्हर्जिनियातल्या पॅट्रिशिया पुलिंग यांच्या किशोरवयीन मुलाने आत्महत्या केली. शाळेत झालेल्या खेळात त्याच्या पात्राला मिळालेला शाप त्याला कारण झाला, असे त्या मानू लागल्या. न्यायालयात हा दावा टिकला नाही. 1983 मध्ये त्यांनी या खेळाविरुद्ध संघटना काढली. पोलिसांना, शिक्षकांना, चर्चमधल्या लोकांना त्या व्याख्याने देत. काही मानसोपचारतज्ज्ञही त्यांच्या बाजूने बोलले. सैतानाची पूजा, जादूटोणा, खून अशी खेळावरच्या आरोपांची यादी वाढत गेली. 1989 च्या नव्या आवृत्तीत कंपनीने सैतान आणि राक्षसांची मूळ नावेच काढून टाकली.

मी पुलिंगबाईंना हसणार नाही. मूल गेलेल्या आईवडिलांसमोर बसलेल्या कोणत्याही डॉक्टरला त्यांचा पहिला प्रश्न माहीत असतो: "कशामुळे झालं?" 'अनेक कारणे मिळून' हे खरे उत्तर त्या क्षणी पोकळ वाटते. हातात धरता येईल असे एक कारण मिळाले तर माणूस ते घट्ट धरतो. चूक त्या आईची कमी आणि तिला दुजोरा देणाऱ्या जाणकारांची जास्त.

आकडे काय सांगत होते?

पुलिंग यांच्या बाजूने आत्महत्या आणि खून धरून शे-सव्वाशे मृत्यूंची यादी फिरत असे. ऐकून कोणीही हादरेल. पण वैद्यकात असा आकडा एकटा कधी वाचायचा नसतो. पहिला प्रश्न असा, की या वयोगटात एरवी किती मृत्यू होतात?

1980 च्या आसपास अमेरिकेत 15 ते 24 वयोगटात दर लाख तरुणांमागे वर्षाला साधारण 12 आत्महत्या होत. समजा खेळणारे फक्त 10 लाख होते. खेळाचा काडीमात्र परिणाम नसतानाही त्यांच्यात वर्षाला सुमारे 120 आत्महत्या होणारच. दहा वर्षांत 1200. त्यापुढे शे-सव्वाशेची यादी खेळाला दोषी कशी ठरवणार? मायकेल स्टॅकपोल या खेळकर्त्या लेखकाने 1990 मध्ये पुलिंग यांच्या दाव्यांची चिरफाड करणारा अहवाल लिहिला. उलट बाजूने हेही सांगायला हवे की यावरून खेळ आत्महत्येपासून वाचवतो असे सिद्ध होत नाही. ती यादी म्हणजे काही पूर्ण मोजणी नव्हती. तिच्यावरून कोणताच निष्कर्ष निघत नाही, एवढेच.

थेट अभ्यासही झाले. 1987 च्या एका अभ्यासात व्यक्तिमत्त्वाच्या प्रमाणित चाचणीत या खेळाचा जास्त किंवा कमी सराव आणि भावनिक अस्थिरता यांत संबंध दिसला नाही. 1998 च्या दुसऱ्या अभ्यासात नैराश्य आणि आत्महत्येचे विचार याबाबत खेळणारे आणि इतर विद्यार्थी यांत फरक आढळला नाही. नमुने छोटे होते, पण आरोपाच्या बाजूने तर तेवढेही नव्हते. तरी समज जात नाही. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 48 मानसोपचारतज्ज्ञांना विचारले असता 22 टक्क्यांना हा खेळ आणि मानसिक विकार यांचा संबंध आहे असे वाटत होते.

भ्रम आणि भूमिका

मूळ भीती अशी की पात्रात शिरलेला मुलगा बाहेर येणार नाही. इथे वैद्यकीय फरक समजून घेऊ. मनोविकृतीच्या भ्रमात रुग्णाला आपण राजा आहोत असे वाटत नाही, तशी त्याची खात्री असते, आणि कितीही पुरावा दिला तरी ती हलत नाही. खेळणारा मुलगा काय म्हणतो ते ऐका: "मी दरीवरून उडी मारतो. थांब, माझे सातच हिट पॉइंट उरलेत. वेफर्स इकडे दे." एका वाक्यात तो लोहार असतो, दुसऱ्यात हिशेबनीस आणि तिसऱ्यात भुकेलेला मुलगा. खरे काय आणि मानलेले काय, ही सीमा तो तासाभरात शेकडो वेळा ओलांडतो आणि परततो. भ्रम झालेल्या माणसाला हेच जमत नसते. कल्पक खेळाडूला तर पात्राच्या मनातले आणि स्वतःच्या मनातले एकाच वेळी वेगवेगळे ठेवावे लागते: माझा लोहार या चोरावर विश्वास ठेवेल, जरी मला माहीत आहे की तो फसवणार आहे.

गंमत अशी की भूमिका घेण्याचे हे तंत्र डॉक्टर मंडळी आधीपासून वापरत होती. व्हिएन्नात शिकलेल्या जेकब मोरेनो या डॉक्टरने 1920 च्या दशकापासून रुग्णांना रंगमंचावर भूमिका करायला लावून 'सायकोड्रामा' ही उपचारपद्धती उभी केली. 1963 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञाने एका स्त्रीला मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाची भूमिका शिकवली आणि विद्यार्थ्यांना तिची तपासणी करायला लावले. तेव्हा वृत्तपत्रांनी टिंगल केली. आज ही पद्धत जगभर परीक्षांत वापरतात. आपल्याकडेही 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवादकौशल्याचा वेगळा भाग आहे. वाईट बातमी नातेवाइकांना कशी सांगावी हे विद्यार्थी तिथे भूमिका घेऊनच शिकतात. एक नातेवाईक होतो, एक डॉक्टर. त्यांचे भान सुटेल अशी भीती कोणी घालत नाही!

1994 मध्ये अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ वेन ब्लॅकमन यांनी एका तरुणाची हकिगत प्रसिद्ध केली. आत्महत्येचा प्रयत्न केलेला, भावना बोलून दाखवता न येणारा हा रुग्ण याच खेळातल्या आपल्या पात्राबद्दल मात्र बोलत असे. डॉक्टरांनी तोच धागा धरला आणि पात्राच्या रागावरून त्याच्या रागापर्यंत पोचले. अलीकडे चिंताग्रस्त किंवा मुखदुर्बळ मुलांसाठी असे गट चालवले जातात. त्यांचे अनुभव उत्साहवर्धक आहेत, पण अभ्यास लहान आहेत. खेळाला औषध म्हणायची घाई मी करणार नाही. तो आनंदासाठी खेळावा.

आता पालकांसाठी कामाचे. मुलगा उत्साहाने आठवड्यातून एकदा मित्रांत बसून लोहार होत असेल, घरी येऊन जेवत-झोपत असेल, तर चिंता नको. फार तर त्याच्या लोहाराचे पुढे काय झाले ते विचारा, आणि थोडा वेळ काढून विचारा, कारण उत्तर लांबलचक असते. याउलट, आवडीचा हा खेळ त्याने काही कारण न सांगता सोडला, मित्रांना टाळू लागला, झोप आणि भूक बिघडली, दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास किंवा चिडचिडा राहिला, "माझा काही उपयोग नाही" असे बोलू लागला, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागला, तर थांबू नका. जिवाबद्दलचे बोलणे असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. 'तुझ्या मनात मरण्याचे विचार येतात का?' असे सरळ विचारल्याने ते विचार नव्याने डोक्यात भरत नाहीत. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत मदतवाहिनी 14416 या क्रमांकावर 24 तास चालू असते आणि तिथे मराठीतही बोलता येते.